काश्मीरच्या डोंगरातल्या बकरवाल पोरांच्या शाळेसाठी नागपुरातून काय करता येईल?

संत्रानगरी_ट्रेकर

नमस्कार मंडळी, पोस्ट थोडी लांब आहे पण पूर्ण वाचा प्लीज, सल्ला पाहिजे.

ऑगस्टमध्ये आम्ही नागपूरचे अकरा जण काश्मीरला ग्रेट लेक्सचा ट्रेक करून आलो, सोनमर्गहून निघून नारानागला उतरतो तो. तळ्यांबद्दल काही सांगत नाही, यूट्यूबवर भरपूर आहे. मला बोलायचंय ते वाटेत भेटलेल्या बकरवाल लोकांबद्दल. मेंढ्या-बकऱ्या, घोडे अन् कुत्री घेऊन उन्हाळाभर वर राहतात, दगड-लाकूड-मातीची बुटकी घरं बांधतात, त्यांना कोठा म्हणतात, अन् वरच्या कुरणांना तिकडे ढोक म्हणतात. पोरं ट्रेकर दिसला की टॉफी मागतात, सगळे देतात, आम्हीपण दिल्या.

तिसऱ्या दिवशी पावसामुळे आम्ही एका कोठ्याजवळ दोन तास अडकलो. तिथली नऊ-दहा वर्षांची मुलगी, शालीत बकरीचं पिल्लू गुंडाळलेलं, माझ्या हातातलं मॅगीचं पाकीट घेऊन त्यावरची अक्षरं बोटानं गिरवायला लागली. मी विचारलं शाळेत जातेस का, तर आत जाऊन प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेली एक वही घेऊन आली. उर्दू मला वाचता येत नाही पण अक्षर इतकं सुबक होतं! वर तारखा होत्या. शेवटची तारीख २३ एप्रिल, पुढची सगळी पानं कोरी. मी विचारलं पुढे का नाही लिहिलं, ती म्हणाली उसके बाद चल पडे. खाली जम्मूकडच्या गावात शाळा आहे, एप्रिलमध्ये डेरा निघाला की शाळा सुटली ती परत जाईपर्यंत. वरपण सरकारची उन्हाळी शाळा आहे म्हणाले, पण ती नाल्याच्या पलीकडे दोन तासांवर, अन् दुपारनंतर बर्फ वितळून नाल्याला इतकं पाणी येतं की लहान पोरांना परत येता येत नाही.

ती कोरी पानं डोक्यातून जातच नाहीयेत. इथं आल्यावर ग्रुपमध्ये अन् ऑफिसात सांगितलं तर बघता बघता ६० हजार जमले, अजून येतील. आमचा प्लॅन असा की चाळीस दप्तरं, वह्या, रंगपेट्या अन् जमलं तर चार-पाच टॅब घ्यायचे, गांधीबागेत ओळखीचे होलसेलवाले आहेत, पार्सल करायचं किंवा पुढच्या जूनमध्ये स्वतः घेऊन जायचं. बरोबर आहे का हे? कोणी असं काम केलंय का?

काटोलचा_शेतकरी

भाऊ राग मानू नका, पण काश्मीरपर्यंत काहून जाता? आमच्या काटोल साइडले दरवर्षी काठेवाडी येतात, रबारी लोक, मूळचे कच्छचे पण दोन-तीन पिढ्यांपासून विदर्भातच फिरून राहिले. उंटावर खाटा, खाटेवर भांडी, त्याच्यावर कोकरं अन् कधी लहान पोट्टंपण बसवलेलं असते. आम्ही शेतात रात्री मेंढ्या बसवतो खतासाठी, त्याचे त्याईले पैसे नाहीतर धान्य देतो, आठ-दहा दिवस राहतात की चालले पुढे. एवढ्या वर्षांत त्याईचा एकही पोट्टा शाळेत जाताना मी पाह्यला नाही. आमच्या बांधापासून झेडपीची शाळा अर्ध्या किलोमीटरवर आहे! त्याईलेपण कोणी विचारा.

फौजी_मानेवाडा

काटोलवाल्या भाऊंचा मुद्दा बरोबर आहे, पण ट्रेकरभाऊंनी जे पाहिलं तेही खरं आहे, दोन्ही होऊ शकतं. मी राजौरी-पूंछ भागात साडेतीन वर्षं होतो म्हणून थोडी माहिती देतो.

गुज्जर-बकरवालांना १९९१ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात राजौरी, पूंछ, रियासी, कठुआ अशा खालच्या भागात राहतात, एप्रिल-मे मध्ये निघतात अन् पीर पंजालच्या खिंडीतून वर जातात, सप्टेंबर संपता संपता उतरायला लागतात. पायी जायला काही डेऱ्यांना महिना लागतो. गेल्या काही वर्षांत सरकारनं जाण्यायेण्यासाठी ट्रक द्यायला सुरुवात केली आहे, त्यामुळे ज्यांना मिळतो त्यांचे बरेच दिवस वाचतात, पण सगळा कळप काही ट्रकात मावत नाही.

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. फिरत्या शाळांची कल्पना तिकडे १९७० च्या दशकापासून आहे. हल्ली वर ढोकांवर सहा महिन्यांची हंगामी केंद्रं चालतात, त्यांना शिकवणारे बरेचदा त्याच समाजातले बारावी किंवा ग्रॅज्युएट झालेले पोरं-पोरी असतात, मानधनावर. चांगली पोरं आहेत, मी भेटलोय. एका केंद्रावर गेलो होतो, बावीस-तेवीस वर्षांचा मास्तर, देवदाराखाली पंचवीस पोरं, फळा म्हणजे खडकाचा सपाट भाग, त्याच्यावर कोळशानं लिहायचा. पाऊस आला की शाळा सुटली. अन् तिथं पाऊस रोजच येतो. एका डेऱ्याला जवळ पडलेलं केंद्र दुसऱ्या डेऱ्याला लांब पडतं, तोच तुमचा नाला.

भाषेचाही प्रश्न आहे. घरी गोजरी, पुस्तकं उर्दू नाहीतर इंग्रजीत. तिकडे २०२० पासून पाच राजभाषा आहेत, काश्मिरी, डोगरी, हिंदी, उर्दू अन् इंग्रजी, त्यात गोजरी नाही. त्यामुळे गोजरी बोलणारा मास्तर असला की पहिली-दुसरीची पोरं टिकतात, बाहेरचा आला की गप्प बसतात.

दप्तरांबद्दल माझं स्पष्ट मत सांगतो, नका नेऊ. त्या लोकांचं सगळं घर घोड्याच्या पाठीवर असतं, एकेक किलोचा हिशोब असतो. आम्ही युनिटतर्फे दप्तरं वाटली होती, पुढच्या वर्षी त्यात मेंढ्यांचं मीठ भरलेलं पाहिलं. त्यांची काही चूक नाही, मीठ जास्त गरजेचं होतं. टॅब तर विसराच, चार्जिंग कुठं करणार?

संत्रानगरी_ट्रेकर

धन्यवाद फौजी सर, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मग पैसे कशावर खर्च करायचे? अन् एक पर्याय आमच्या ग्रुपमध्ये असा आला की दोन-तीन हुशार मुलांना जम्मूत किंवा सरळ नागपुरात होस्टेलला ठेवून शिकवायचं, स्पॉन्सर करायचं. त्या मुलीच्या वडिलांना विचारलं तर ते हो म्हणतील असं वाटतं.

वाघर

मी इथं फक्त वाचते, कधी लिहीत नाही, पण होस्टेलचं वाचून राहवलं नाही.

मी धनगराची पोर, पारनेर तालुक्यातली. आता नागपुरात एका हॉस्पिटलमध्ये लॅबमध्ये नोकरी करते. आमचा वाडा दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायचा अन् मिरगाच्या आत परत. वाडा म्हणजे घर नाही, आठ-दहा बिऱ्हाडं मिळून जो तळ असतो तो. मला आजीजवळ गावात ठेवलं म्हणून मी शिकले, धाकटा भाऊ आईबापाबरोबर फिरला म्हणून तो चौथीत सुटला. एकाच घरातली दोन पोरं, त्यामुळे मला दोन्ही बाजू माहीत आहेत.

भावाचं आधी सांगते. दिवाळीनंतर गेला, जूनमध्ये परत आला तर पटावर नावच नाही. शाळेत सांगितलं सहा महिने गैरहजर, नाव कमी केलं. कोकणात जिथं तळ होता तिथल्या शाळेत बापानं दोनदा नेलं होतं, ते म्हणाले आधी दाखला आणा. दाखला आणायला परत घाट चढून यायचं, तोवर वाडा पुढच्या गावाला. दोन्ही शाळा आपापल्या जागी नियमानं वागल्या अन् मधल्या मधे माझा भाऊ राहिला. तो मठ्ठ नव्हता हो! संध्याकाळी वाघरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, तोंडाशी उभा राहून आत जाणारी मेंढरं मोजायचा, दोनशे बारा, एक कमी असलं तर कुठलं कमी आहे ते नावानिशी सांगायचा, कोकराच्या आवाजावरून त्याची आई ओळखायचा. वहीत बेरीज आली की घाबरायचा, कारण वहीतली बेरीज त्याला कुणी मेंढरांवरून शिकवलीच नाही.

अन् माझं. मी शिकले, पहिला नंबर यायचा, सगळे कौतुक करायचे. पण सहा ते सोळा वयात दरवर्षी सात महिने मी आईला बघितलं नाही. तिकडून कुणी माणूस गावाला आला की त्याच्याबरोबर आई काहीतरी पाठवायची, एकदा कोकणातली सुकट पाठवली होती, मी ती किती दिवस खाल्ली नाही, नुसता डबा उघडून वास घ्यायची. आज मला वाड्यातलं काम येत नाही, घोड्यावर बिऱ्हाड लादता येत नाही, लग्नाकार्यात गेले की बायका माझ्याशी पाहुणीशी बोलावं तसं बोलतात. मी शिकले याचा पस्तावा अजिबात नाही, पण ती किंमत होती आणि ती सहा वर्षांच्या पोरीनं दिली. तुम्ही त्या मुलीला नागपुरात आणाल तर तिला गोजरी बोलायला इथं एक माणूस मिळणार नाही. वडील हो म्हणतील, माझेही म्हणाले होते. तुम्ही तिला विचारलंय का?

एक मात्र बदललंय. आमच्या वेळी कायदा नव्हता, आता शिक्षण हक्क कायदा आहे, २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या पाचव्या कलमात स्पष्ट आहे की दुसऱ्या शाळेत जायचं तर मुख्याध्यापकानं दाखला लगेच द्यायचा अन् दाखला उशिरा आला किंवा नाही आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. चौथ्या कलमात वयानुसार वर्गात बसवायचं आहे. जन्माचा दाखला नाही म्हणूनही नाकारता येत नाही. जम्मू-काश्मीरला हा कायदा आधी लागू नव्हता, २०१९ नंतर झालाय. काटोलच्या दादांना सांगते, तुमच्या बांधाजवळच्या शाळेत ती रबारी पोरं दहा दिवसांसाठी जरी घेऊन गेलात तरी त्यांना बसवून घ्यावं लागतं. त्यांच्या बापाला हे माहीत नाही, तुम्हाला आता माहीत झालं.

लेह_रिटर्न

वाघर ताई, वाचताना डोळ्यात पाणी आलं. तुमच्या बोलण्याला धरूनच लडाखचं सांगतो, मी रस्त्याच्या कामावर तिकडे दोन सीझन होतो.

चांगथांग म्हणून पठार आहे, साडेचार हजार मीटरच्या वर, तिथं चांगपा लोक पश्मिना बकऱ्या, मेंढ्या अन् याक पाळतात. याकच्या केसांचा तंबू असतो त्याला रेबो म्हणतात. हिवाळ्यात उणे तीसच्या खाली जातं अन् बायका पहाटे त्याच थंडीत बाहेर काम करत असतात. पुगा म्हणून जागा आहे तिथं या लोकांच्या पोरांसाठी सरकारची निवासी शाळा आहे, चांगली गोष्ट आहे, निदान आईबापाच्या कुरणांच्या जवळपास आहे, स्वतःच्या भाषेतली पोरं सोबत असतात. म्हणजे होस्टेल वाईटच असं नाही, कुठं आहे यावर आहे. पण बरीच पोरं लेहला जातात, मग पोरांसाठी आई जाते, मग काही वर्षांनी बकऱ्या विकून बापही जातो. खरनाक म्हणून एक भाग आहे, तिथली बहुतेक कुटुंबं अशीच लेहजवळ येऊन राहिली, त्या वस्तीचं नावच खरनाकलिंग पडलं. कारणं बरीच आहेत, थंडी, कष्ट, दवाखाना, पण ज्याला विचाराल तो पोरांची शाळा सांगतो. कोरझोक गावात एक म्हातारे मला म्हणाले, शाळा इकडे आली असती तर आम्ही तिकडे गेलो नसतो. मी तेव्हा मान डोलावली अन् चहा प्यायलो, आज कळतंय ते काय म्हणत होते.

जुने_गुरुजी

मी ३१ वर्षं झेडपीत मास्तर होतो, त्यातली ११ वर्षं वर्धा जिल्ह्यात आर्वी-कारंजा भागात. तिथं नंदा गवळी आहेत, गवळाऊ गायी पाळतात. पोरं सकाळी दहाला गायी घेऊन रानात, अन् शाळेची घंटा साडेदहाची. मी नवीन होतो तेव्हा रोज पालकांशी भांडायचो, पोट्टे काहून पाठवत नाही म्हणून. एक म्हातारी मले म्हणाली, गुरुजी, गायीले घड्याळ कळत नाही, तुमाले कळते, तर तुम्हीच बदला ना. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी सातला जाऊन दोन-अडीच तास त्या पोरांना घेऊन बसायला लागलो, अंगणात, शेणाच्या पोवट्या बाजूला सरकवून. कागदावर ते कुठंच बसत नव्हतं. चौदा पोट्टे होते, अकरा सातवी पास झाले.

मला एवढंच सांगायचं आहे की शाळेचं वेळापत्रक काही देवानं लिहून दिलेलं नाही. आपल्याच विदर्भात बघा ना, बाकी महाराष्ट्रात १५ जूनच्या आसपास शाळा सुरू होतात अन् आपल्याकडे त्याच्यानंतर, जून संपत आल्यावर, कारण ऊन. उन्हासाठी सरकार तारीख बदलू शकते, कोणी त्याला विशेष सवलत म्हणत नाही. मग चाऱ्यासाठी काहून बदलू नये? काश्मीर-लडाखात बर्फासाठी लांबलचक हिवाळी सुट्टी असते, पण बकरवालांची पोरं त्याच काळात खाली गावात एका जागी असतात, एप्रिलमध्ये निघायच्या आधी, तेव्हाच तर त्यांना भरपूर शिकवता येईल.

शाळाबाह्य मुलांची मोजणीपण अशीच. ४ जुलै २०१५ ले राज्यभर एका दिवसात सर्वेक्षण झालं, मीपण दारोदार फिरलो, बोटाले शाई लावत. पण जो माणूस आज या शिवारात अन् उद्या त्या शिवारात, तो एका दिवसात कसा सापडेल? फिरत्या लोकांची पोरं मोजायची तर मोजणाऱ्यानंही वर्षभर फिरलं पाहिजे. आपल्याकडे स्थलांतर करणाऱ्यांच्या पोरांसाठी शिक्षण हमी कार्ड निघालं, ऊसतोडीच्या गावांत हंगामी वसतिगृहं आहेत, जिथं पोरगा आजी-आजोबांजवळ गावातच राहतो अन् जेवण-अभ्यासाची सोय होते. कार्ड चांगलं आहे, पोरगा कुठपर्यंत शिकला ते पुढच्या मास्तरला कळते. पण ते भरून हातात देणारा माणूस पाहिजे.

ट्रेकरभाऊ, तुमचे ६० हजार वस्तूंवर घालू नका, माणसावर घाला. नाल्याच्या अलीकडे त्याच डेऱ्यातली कोणी दहावी-बारावी झालेली पोरगी असेल तर तिला पाच महिने त्या लहान पोरांना घेऊन बसू द्या. तिथं जो हंगामी मास्तर आहे त्याले विचारून करा, त्याच्या डोक्यावरून नका करू, नाहीतर तुम्ही गेल्यावर तिचं कोणी ऐकणार नाही. अन् पुस्तकं द्यायची तर शब्द नसलेली, नुसत्या चित्रांची द्या, पोरं गोजरीत गोष्ट सांगतील, मास्तर ती फळ्यावर लिहील. वाचायची सुरुवात अशी होते.

सीए_धरमपेठ

पैशाचं थोडक्यात. कुणा एकाच्या खात्यात यूपीआयनं जमा करून वाटू नका, नंतर हिशोबाला त्रास होतो अन् मनंही दुखावतात. तिकडे आधीपासून काम करणारी नोंदणीकृत संस्था असेल तर तिच्यामार्फत द्या, तिची आयकराची १२अ अन् ८०जी नोंदणी (देणगीवरच्या करसवलतीसाठी लागते ती) बघा, सरकारच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर नाव आहे का बघा. ८०जीची सूट जुन्या करप्रणालीतच मिळते अन् रोख २ हजारांच्या वर दिलं तर मिळत नाही, संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र नक्की मागा. सरकारी केंद्राच्या मास्तरला परस्पर पगार द्यायला जाऊ नका, तो अडचणीत येईल, तिकडच्या झोनल एज्युकेशन ऑफिसरला पत्र टाकून विचारा. पत्र ड्राफ्ट करून देतो, फी नाही.

संत्रानगरी_ट्रेकर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, दोन आठवडे गेले म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या घोडेवाल्या चाचांना फोन केला, त्यांनी नाल्यापलीकडच्या मास्तरचा नंबर काढून दिला. तो खाली उतरत होता, नेटवर्क येऊन जाऊन होतं, चार वेळा फोन लावून एकदाचं बोलणं झालं. मी विचारलं काय पाहिजे, तर तो आधी बोलेचना, मग म्हणाला सर एक मोठी ताडपत्री. पुढे म्हणाला गुंडाळता येणारा कापडी फळा, अन् पाट्या, वह्या भिजतात पाट्या भिजल्या तरी चालतात. त्या मुलीचा डेरा त्याला माहीत होता. तिची चुलतबहीण बारावी झालेली आहे, ती शिकवू शकेल, मीच तिला सुरुवातीचे पंधरा दिवस दाखवीन म्हणाला. महिना ५ हजार धरले तर पाच महिन्यांचे २५ हजार होतात, उरलेल्यात ताडपत्री, दोन फळे अन् पाट्या. सीए सरांनी लिहिलेलं पत्र गेलं आहे, उत्तर आल्याशिवाय आणि संस्था पक्की झाल्याशिवाय एक रुपया पाठवणार नाही. दप्तरं रद्द, टॅब रद्द.

होस्टेलचा विषय आम्ही बंद केला आहे. वाघर ताई, तुमचा प्रश्न मी मास्तरकडे दिला, तो तिला विचारून आला. ती म्हणाली, मैं चली जाऊँगी तो मेमने (कोकरं) कौन देखेगा. अन् तिनं विचारलंय की नवी बाजी (म्हणजे ताई) शिकवणार असेल तर इंग्रजीपण शिकवेल का, तिला ते पाकिटावरचं वाचायचं आहे.

काटोलच्या भाऊ, तुमचं खरं आहे. गुरुजी अन् वाघर ताई दोघंही यायला तयार आहेत. रबारी सध्या तुमच्या शिवारात आहेत का ते कळवा, या रविवारी सकाळी ७ ला काटोल नाक्यावरून निघू, माझ्या गाडीत अजून दोन जागा आहेत. मुख्याध्यापकांना दाखवायला पाचव्या कलमाची प्रिंट काढून ठेवली आहे.

काटोलचा_शेतकरी

आहेत, माझ्याच वावरात आहेत, मंगळवारपर्यंत राहतील. सहा पोट्टे मोजले आज. त्याईच्या बापाशी बोललो, तो म्हणाला मास्तर आला तर बसवतो, पण कोकरं चारून झाल्यावर, नऊनंतर. या तुम्ही.